कप्तानाचं नाव, खलाशांचा आकडा

एक छोटं गणित करून बघा. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर २४ अधिकारी होते. त्यांतले १८ गेले, ६ वाचले. नौसैनिक होते २३७. त्यांतले १७६ गेले, ६१ वाचले. टक्केवारी काढलीत तर अधिकाऱ्यांपैकी ७५ टक्के गेले आणि नौसैनिकांपैकी ७४ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पाणी आत शिरताना कोणाच्या खांद्यावर किती पट्ट्या आहेत हे बघत बसलं नाही.

आता दुसरं गणित. गेलेल्या त्या १९४ जणांपैकी तुम्हाला किती जणांची नावं सांगता येतील? ज्यांनी या जहाजाबद्दल कधीतरी काही वाचलंय, त्यांना एक नाव नक्की येईल: कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. बहुतेकांची यादी तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. मृत्यूने जी समानता पाळली ती आपल्या आठवणीने पाळली नाही. खुकरीची जी स्मारकं आपण उभारली, जी पुस्तकं लिहिली, जी गोष्ट दरवर्षी सांगतो, ती सगळी या एका प्रश्नाच्या कसोटीला लावून बघायची आहेत: यातून १७६ जणांपर्यंत पोचता येतं का?

आधी काय घडलं ते थोडक्यात. भारताबाहेर वाढलेल्या अनेकांना १९७१ चं युद्ध म्हणजे ढाका आणि शरणागतीच्या कागदावर सही होतानाचा तो फोटो, एवढंच माहीत असतं. पण हे युद्ध अरबी समुद्रातही चाललं होतं. खुकरी ही ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात बांधलेली, जेमतेम बाराशे टनांची छोटी फ्रिगेट. तिचं कामच मुळी पाणबुड्या शोधून त्यांच्यावर हल्ला करणं. तिच्याच जातीच्या किरपाण आणि कुठार अशा आणखी दोन नौका होत्या. या तिघींचा मिळून चौदावा फ्रिगेट ताफा, आणि त्याचे प्रमुख कॅप्टन मुल्ला. दीवच्या आसपास पाकिस्तानी पाणबुडी फिरते आहे असा सुगावा लागल्यावर या ताफ्याला तिच्या मागावर पाठवण्यात आलं. कुठारमध्ये बिघाड झाल्यामुळे ती येऊ शकली नाही. खुकरी आणि किरपाण ८ डिसेंबरला मुंबईहून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, पीएनएस हँगोर या पाणबुडीने आधी किरपाणवर टॉर्पेडो सोडला. तो वाया गेला. मग दुसरा खुकरीवर सोडला. तो लागला, आणि काही मिनिटांतच जहाज पाण्याखाली गेलं. जे बाहेर पडू शकले त्यांनी ती रात्र समुद्रात, तराफ्यांच्या आधाराने काढली. सकाळी आयएनएस कच्छलने त्यांना उचललं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिली घटना. स्वातंत्र्यानंतर युद्धात शत्रूने बुडवलेली भारताची युद्धनौकाही ही एकच.

यातून जी गोष्ट पुढे आली ती तुम्ही ऐकली असेल. मुल्लांनी आपलं लाइफजॅकेट एका नौसैनिकाला दिलं, जमेल तितक्यांना जहाज सोडायला लावलं आणि स्वतः जहाजासोबत गेले, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. मुंबईत नेव्ही नगरमध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. या माणसाच्या धैर्याबद्दल मला काडीचीही शंका नाही, आणि हा लेख त्यांना लहान करण्यासाठी नाही. प्रश्न गोष्टीच्या बांधणीचा आहे.

ती बांधणी जरा जवळून बघा. गोष्टीत दोन माणसं आहेत: लाइफजॅकेट देणारा आणि घेणारा. देणाऱ्याचं नाव, गाव, हुद्दा, घराणं, सगळं आपल्याला ठाऊक. घेणारा मात्र ‘एक नौसैनिक’. तो कुठल्या गावचा, जहाजावर काय काम करायचा, त्या जॅकेटने तो वाचला का, वाचला असेल तर पुढची पन्नास वर्षं ते ओझं घेऊन कसा जगला, हे कोणी विचारत नाही. गोष्टीला त्याची गरज फक्त हात पुढे करण्यापुरती आहे. आपल्याकडे कीर्तनात राजाच्या दानाची कथा सांगताना याचक असाच येतो आणि जातो. फरक इतकाच की हा याचक नव्हता. तो ड्यूटीवर होता, आणि जे जहाज बुडत होतं ते त्याचंही होतं.

दुसरी गोष्ट अशी की कप्तानाच्या मरणाची कथा एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. ‘कप्तान कसा गेला?’ याचं उत्तर ती इतकं उत्तम देते की ‘जहाज का बुडालं?’ हा प्रश्न विचारायचं राहूनच जातं. आणि जहाज का बुडालं याचं उत्तर खालच्या डेकवर आहे.

खुकरीकडे पाणबुडी शोधायचं साधन म्हणजे सोनार. पाण्यात ध्वनी सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. अरबी समुद्रासारख्या उबदार पाण्यात वेगवेगळ्या तापमानाचे थर असतात. त्यांतून जाताना ध्वनी वाकतो, आणि जुन्या सोनारचा पल्ला आणखी कमी होतो. हँगोर ही फ्रान्समध्ये बांधलेली, दाफ्ने वर्गातली त्या काळातली आधुनिक पाणबुडी. ती शांतपणे खाली राहून खुकरीला लांबूनच ऐकू शकत होती. खुकरीला ती ऐकू येत नव्हती. हा तोटा भरून काढण्यासाठी खुकरीच्या सोनारवर एक नवी जोडणी बसवून तिचे प्रयोग चालू होते. पण ती नीट चालायची तर जहाज हळू चालवावं लागे. पाणबुडीच्या टप्प्यात हळू चालणारं जहाज म्हणजे सोपं लक्ष्य. ज्या तरुण लेफ्टनंटने त्या जोडणीवर काम केलं होतं, तोही त्या रात्री जहाजावर होता आणि परत आला नाही.

हे काही मी शोधून काढलेलं गुपित नाही. नौदलाचा इतिहास लिहिणाऱ्या व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ या ग्रंथात खुकरीच्या बुडण्याची, सोनारची आणि वेगाची चर्चा केलेली आहे. म्हणजे संस्थेने स्वतःला प्रश्न विचारलेले आहेत. पण ते प्रश्न जाडजूड इतिहासग्रंथात राहिले, आणि सभागृहात, भाषणात, दरवर्षीच्या पोस्टमध्ये फक्त लाइफजॅकेट आलं. अभ्यासकाला एक खुकरी माहीत असते, जनतेला दुसरी.

या दोन्हींच्या मध्ये उभं राहणारं एक पुस्तक आहे: मेजर जनरल इयान कार्डोझो यांचं ‘द सिंकिंग ऑफ आयएनएस खुकरी’, २००६ सालचं. लेखक नौदलातला नाही, पायदळातला, पाचव्या गुरखा रायफल्सचा. त्याच युद्धात पूर्व आघाडीवर सुरुंगाने त्यांचा पाय निकामी झाला आणि तो त्यांनी स्वतःच खुकरीने कापला. खुकरी हे गुरख्यांच्या शस्त्राचं नाव, आणि त्याच नावाच्या जहाजाबद्दल हा माणूस पस्तीस वर्षांनी लिहितो. पुस्तकाचं उपशीर्षक ‘वाचलेल्यांच्या कहाण्या’ असं आहे, आणि त्याचं खरं मोल तिथेच आहे. मुल्ला महान होते असं सांगून ते थांबत नाही. पाण्यात काढलेली रात्र, तेलाने माखलेली अंगं, घरी बातमीची वाट बघणारी माणसं, हे ते वाचलेल्यांच्या आणि कुटुंबांच्या तोंडून सांगतं. आणि या मोहिमेत काय चुकलं, हा अवघड प्रश्नही टाळत नाही.

तरी एक मर्यादा सांगायला हवी. पुस्तकाच्या केंद्रस्थानी शेवटी मुल्लाच राहतात. शिवाय वाचलेल्यांच्या आठवणींवर उभ्या असलेल्या कोणत्याही पुस्तकाला एक अडचण असते. जे सर्वांत खाली होते, बॉयलरपाशी, इंजिनरूममध्ये, दारूगोळ्याच्या कोठाराजवळ, त्यांच्या बाजूने बोलायला फारसं कोणी उरलेलं नसतं. वाचलेला साक्षीदार बहुधा वरच्या डेकचा असतो. त्यामुळे अशा जहाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला साक्षीबरोबर दुसरंही काही जमवावं लागतं: पगाराची पुस्तकं, भरतीच्या नोंदी, ड्यूटीचे तक्ते, घरी आलेली पत्रं. हे काम कंटाळवाणं आहे. पण तळाच्या माणसापर्यंत पोचायचं तर दुसरा रस्ता नाही.

आता दगड-सिमेंटच्या स्मारकांकडे येऊ. दीवला समुद्राकडे तोंड करून असलेल्या टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे. काचेच्या आवरणात जहाजाची प्रतिकृती, समोर अथांग पाणी. जागा अप्रतिम निवडली आहे, कारण जिथे जहाज आणि माणसं अजून आहेत त्या समुद्राकडेच तुमची नजर जाते. १९८९ मध्ये माझगाव डॉकने बांधलेली दुसरी आयएनएस खुकरी नौदलात आली. ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली, आणि मग तीसुद्धा संग्रहालय करण्यासाठी दीवच्या प्रशासनाच्या ताब्यात देण्यात आली.

नौदलांची ही जुनी रीत आहे: जहाज गेलं तरी नाव जात नाही, ते नव्या जहाजाला मिळतं. रीत सुंदर आहे, पण तिचा एक परिणाम होतो. जहाजाचा पुनर्जन्म होतो, खलाशाचा होत नाही. दीवला जाणारा पर्यटक दुसऱ्या खुकरीच्या तोफा, क्षेपणास्त्रं, नियंत्रणकक्ष बघू शकतो. ज्या जहाजासाठी हे सगळं चाललंय, ते मात्र यापेक्षा कितीतरी लहान आणि जुनं होतं, आणि त्यावरची माणसं वेगळी होती. काचेतल्या प्रतिकृतीतही तीच अडचण: प्रतिकृतीत माणसं नसतात. जहाज आतून किती अरुंद, वर यायची शिडी केवढी, एका मेसमध्ये किती जण झोपायचे, हे बाहेरून दिसत नाही. काही मिनिटांत इतके जण का गेले हे समजायला नेमकं तेवढंच लागतं.

स्मरण माणसांवरून वस्तूवर कसं सरकतं याचं मुंबईकरांना जवळचं उदाहरण म्हणजे विक्रांत. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात लढलेली ही विमानवाहू नौका निवृत्तीनंतर मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. देखभाल परवडेना, म्हणून ती भंगारात निघाली आणि २०१४ मध्ये दारूखान्याला तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा अंश घालून बनवलेली मोटरसायकल बजाजने २०१६ मध्ये बाजारात आणली. ज्यांनी ती अभिमानाने घेतली त्यांना मी हसणार नाही. माणसाला काहीतरी हातात धरायला हवं असतं. पण पोलाद जपलं की विक्रांत जपली, असं आपण किती सहज मानलं ते बघा. त्या डेकवर काम केलेल्या हजारो माणसांच्या आठवणी गोळा करायला मोटरसायकलच्या कारखान्यापेक्षा कितीतरी कमी पैसे लागले असते.

इथे कोणी म्हणेल, नावं तर आहेत की! बरोबर आहे. दिल्लीत २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक उभं राहिलं आणि त्याच्या वर्तुळाकार भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावं कोरली गेली. हे मोठं काम आहे आणि फार उशिरा झालेलं आहे. पण कोरलेलं नाव ही सुरुवात असते. नाव वाचून मला कळत नाही की हा माणूस सोनारवर कान लावून बसायचा, की भट्टीपाशी, की भटारखान्यात दोन-अडीचशे जणांची पोळी-भाजी करायचा, की ‘टोपास’ होता, म्हणजे जहाजाची साफसफाई करणारा. युद्धनौका या सगळ्यांनी मिळून चालते. कप्तानाचा पराक्रम सांगताना आपण त्याचं काम सांगतो. बाकीच्यांचं फक्त बलिदान सांगतो, काम सांगतच नाही.

हा भेद किती जुना आहे हे मला इथे राहून जास्त नीट कळतं. मी हे हफ्र अल बातिनमधून लिहितोय. सौदीच्या ईशान्य कोपऱ्यातलं हे वाळवंटी शहर, समुद्र दोनशे किलोमीटरहून लांब. जहाजांबद्दल लिहायला यापेक्षा विचित्र जागा शोधून सापडणार नाही. पण या शहराच्या नावातच एक धडा आहे. ‘हफर’ म्हणजे खणणं. बसऱ्याहून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी सातव्या शतकात इथे विहिरी खणल्या गेल्या. खणवून घेणाऱ्या अबू मूसा अल-अशअरींचं नाव इतिहासाला ठाऊक आहे. कुदळ मारणाऱ्यांपैकी एकाचंही नाही.

इथून सुमारे तीनशे किलोमीटरवर, इराकमध्ये, बसऱ्याचं युद्धस्मारक आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत गेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते बांधलेलं. आधी ते शत्त अल अरबच्या काठावर माकिलच्या नौदल गोदीपाशी होतं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने ते नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवलं गेलं. त्या मोहिमेत सहावी पुणे डिव्हिजन होती, मराठा पलटणी होत्या. कुत अल अमाराच्या वेढ्यात अडकलेल्यांमध्ये ११० वी मराठा पलटण होती. म्हणजे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची किती घरं त्या भिंतीशी जोडलेली असतील याचा विचार करा. आणि भिंतीवर काय कोरलंय? ब्रिटिशांची नावं. भारतीय अधिकाऱ्यांची नावं. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीवार आकडा: आणखी इतके.

ज्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने हे केलं, त्याचं तत्त्वच असं होतं की हुद्दा, वंश, धर्म यावरून स्मरणात भेद करायचा नाही. पूर्वेच्या आणि आफ्रिकेच्या आघाड्यांवर हे तत्त्व पाळलं गेलं नाही, हे कमिशनने स्वतःच २०२१ च्या अहवालात मान्य केलं. आपल्याकडच्या कितीतरी गावांत चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीवर त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. तिथेही आकडाच.

पण त्याच कमिशनचं एक काम मुंबईतही आहे, आणि ते आपला मुद्दा सिद्ध करतं. मशीद बंदरच्या बाजूला इंडियन सेलर्स होम नावाची इमारत आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना पाण्याशिवाय दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांची नावं तिथे धातूच्या पाट्यांवर आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नोंदही तिथल्या ग्रंथात आहे. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर कोळसा ओढणारे, डेक धुणारे, स्वयंपाक करणारे हे लोक रत्नागिरी, गोवा, काठियावाड, सिल्हेट इथून यायचे. समाजाच्या अगदी तळातले, सैनिकही नव्हते. तरी त्यांची नावं मिळाली, लिहिली गेली. म्हणजे बसऱ्याला नावं नाहीत ती मिळणं अशक्य होतं म्हणून नव्हे. कोणीतरी ठरवलं म्हणून ती नाहीत. आणि मुंबईत ती आहेत, तरी गेटवेला गर्दी करणारे आपण तिथे कधी गेलो? तुमच्या पुढच्या भारतवारीत एक सकाळ त्यासाठी काढा. परवानगी विचारावी लागेल, पण विचारा.

इथे राहून खुकरीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात येते. हफ्र अल बातिनच्या वर्कशॉपमध्ये, बांधकामांवर, दवाखान्यांत भारतीय आणि पाकिस्तानी एकाच पाळीत काम करतात. चहा एकाच टपरीवर होतो. आणि डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत दोघांच्या मोबाइलवर दोन कॅलेंडरं चालू असतात. ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन, कारण त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. २०२३ मध्ये तो सोहळा थेट मालवणात झाला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने, आणि मराठी माणसाचा ऊर भरून आला. त्या हल्ल्यात पीएनएस खैबर बुडाली आणि तिच्यावरचे दोनशेहून अधिक जण गेले. ९ डिसेंबर हा पाकिस्तानी नौदलाचा ‘हँगोर दिन’. हँगोर आज कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे, आणि तिचे कमांडर अहमद तस्नीम तिकडे तितकेच नावाजलेले आहेत जितके इकडे मुल्ला.

म्हणजे पाच दिवसांच्या अंतराने एका देशाचा सण आणि दुसऱ्या देशातल्या दोनेकशे घरांची पुण्यतिथी, आणि मग उलट. दोन्हीकडची गोष्ट कप्तानाची आणि जहाजाची असते, तोवर हा हिशेब फक्त जिंकण्या-हरण्याचाच राहतो. गोष्ट खलाशाची झाली की तो हिशेब जरा अडखळतो. खैबरच्या इंजिनरूममधला माणूस आणि खुकरीच्या इंजिनरूममधला माणूस, दोघांनाही वरती काय चाललंय ते दिसत नव्हतं. दोघांच्या घरी पत्र एकाच पद्धतीने आलं असेल. यातून युद्ध बरोबर की चूक, कोणाची बाजू न्यायाची, हे ठरत नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालमध्ये जे घडलं ते विसरा असं मी कोणालाही म्हणणार नाही. पण शेजारी बसून चहा पिणाऱ्या माणसाशी ९ डिसेंबरबद्दल बोलायचंच झालं, तर ‘तुमच्या गावचा कोणी होता का त्यात?’ हा प्रश्न ‘कोण जिंकलं?’ या प्रश्नापेक्षा पुष्कळ लांब घेऊन जातो.

सैन्याला दंतकथा लागतात, हा युक्तिवाद मला मान्य आहे. भरतीला येणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला सोनारच्या मर्यादांवरचं प्रकरण वाचायला देऊन कोणी प्रेरित होत नाही. पण तोच पोरगा उद्या कप्तान होणार नाही. तो स्टोकर होईल, सिग्नलचं काम करेल, भटारखान्यात जाईल. त्याला आदर्श म्हणून आपण ज्या हुद्द्याची गोष्ट देतो, त्या हुद्द्यापर्यंत तो बहुधा पोचणारच नाही. मग त्याच्या जागेवर उभं राहून ज्याने आपलं काम केलं, त्याची गोष्ट त्याला का देऊ नये?

आणि तुमचं काय? तुम्ही डब्लिनला असा, टोरांटोला असा, की माझ्यासारखे गल्फमध्ये. आखातातल्या माणसाला तर आकडा होणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. इकाम्याचा नंबर, कंपनीचा नंबर, कॅम्पमधल्या पलंगाचा नंबर, यांतच त्याची ओळख असते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात, आजोळी, शेजारी कोणीतरी नौदलात किंवा व्यापारी जहाजावर होतं. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्याला विचारायला वेळ फार उरलेला नाही.

विचाराल तेव्हा शौर्याबद्दल आधी विचारू नका. शौर्याबद्दल विचारलं की माणसं भाषण देतात. कोणत्या बोटीवर होतात, कुठल्या खात्यात, पाळी किती तासांची, झोपायची जागा कुठे, शेजारच्या पलंगावर कोण होतं, जेवायला काय मिळायचं, पहिला पगार किती आणि घरी किती पाठवलात, असं विचारा. फोनवर रेकॉर्ड करा. त्यांच्या बोलीत बोलू द्या, मालवणीत, आगरीत, उर्दू मिसळलेल्या कोकणीत, दुरुस्त करू नका. जुना फोटो काढला तर मागच्या रांगेतल्या प्रत्येकाचं नाव विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.

पूर्ण नाव घ्या: स्वतःचं, वडिलांचं, गावाचं. आणि त्याच्यापुढे तो जहाजावर काय काम करायचा ते लिहा.